बौद्ध श्रद्धा आणि प्रसूती व नवजात आरोग्यसेवा

बौद्ध श्रद्धा आणि प्रसूती व नवजात आरोग्यसेवा या विषयात गर्भधारणा, गर्भारपण, प्रसूती आणि नवजात अर्भकाची निगा यांविषयी बौद्ध ग्रंथांत आढळणारे विचार, बौद्ध समाजांत रूढ असलेल्या प्रथा आणि आधुनिक वैद्यकीय निर्णयांवर होणारा त्यांचा परिणाम यांचा समावेश होतो. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, भूतान, तिबेट, मंगोलिया, जपान व लडाख या प्रदेशांत, तसेच १९५६ नंतर महाराष्ट्रातील बौद्ध समाजात हा प्रभाव वेगवेगळ्या स्वरूपांत दिसून येतो.

बौद्ध धर्मात सर्व संप्रदायांना बंधनकारक असा जन्मविधी नाही आणि मूळ उपदेशात जन्माला अशौच मानलेले नाही. भूल, शस्त्रक्रिया, रक्तसंक्रमण, लसीकरण किंवा दुसऱ्या मातेचे दूध यांनाही धर्माची सर्वसाधारण मनाई नाही. त्यामुळे बौद्ध कुटुंबांत पाळल्या जाणाऱ्या अनेक प्रसूतिविषयक चालीरीती धर्मग्रंथांपेक्षा स्थानिक लोकपरंपरेतून आलेल्या आहेत. धर्मश्रद्धेचा थेट संबंध मुख्यतः चार ठिकाणी येतो : प्रसूतीच्या वेळचे संरक्षक पठण, गर्भपाताचा निर्णय, अपत्याचे आजारपण वा व्यंग यांचा कर्माशी जोडला जाणारा संबंध आणि अर्भकाचा मृत्यू.

गर्भधारणा व गर्भवाढ यांविषयीचे विचार

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : माता-पित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाळ आणि 'गंधब्ब' म्हणजे जन्म घेऊ पाहणाऱ्या जीवाची उपस्थिती. या तिन्हींपैकी एकही नसेल तर गर्भ राहत नाही. आई नऊ किंवा दहा महिने मोठ्या चिंतेने तो भार वाहते आणि प्रसूतीनंतर बाळाला आपल्या रक्तावर वाढवते, असे वर्णन याच सुत्तात येते. येथे आईच्या दुधालाच रक्त म्हटले आहे. संयुत्त निकायातील इंदक सुत्तात गर्भवाढीचे कलल, अब्बुद, पेसी, घन आणि पसाखा असे टप्पे दिले असून आई जे अन्नपाणी घेते त्यावरच गर्भाचे पोषण होते, असे सांगितले आहे.

संस्कृत बौद्ध परंपरेतील गर्भावक्रांतिसूत्रात गर्भाच्या वाढीचे ३८ आठवड्यांचे सविस्तर वर्णन आहे. याच विचारधारेचा ठसा तिबेटी वैद्यकातील 'ग्युशी' या मूलग्रंथावर पडला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देसी सांग्ये ग्यात्सो यांच्या देखरेखीखाली या वैद्यकावर ७९ चित्रपटांची मालिका तयार झाली. त्यातील गर्भवाढीच्या चित्रांत मासा, कासव व डुक्कर या रूपकांनी विकासाचे टप्पे दर्शविले आहेत.

जाणिवेचा आरंभ गर्भधारणेच्या क्षणी होतो, ही पारंपरिक भूमिका विनयपिटकातही दिसते. उपसंपदेसाठी लागणारे वीस वर्षांचे वय जन्मापासून नव्हे, तर गर्भधारणेपासून मोजण्यास महावग्गात मान्यता दिली आहे.

विनयपिटक व कथावाङ्मयातील माता आणि अर्भक

भिक्खू-भिक्खुणी संघ संसारत्यागी असला तरी माता व अर्भक यांचे प्रश्न संघापुढे वारंवार आले. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला उपसंपदा देऊ नये, असे भिक्खुणींच्या नियमांत आहे. प्रव्रज्येनंतर एखादी भिक्खुणी गर्भवती असल्याचे कळले, तर मूल जाणते होईपर्यंत तिने त्याचा सांभाळ करावा आणि तिच्या सोबतीला दुसरी भिक्खुणी द्यावी, अशी तरतूद चुल्लवग्गात आढळते. अर्भकाला आईपासून तोडण्याऐवजी नियमच वाकविल्याचे हे उदाहरण मानले जाते.

जातककथांच्या प्रास्ताविकात कुमार कस्सपाच्या आईची कथा येते. गर्भ राहिल्याचे ठाऊक नसताना तिने प्रव्रज्या घेतली होती. पुढे गर्भ दिसू लागल्यावर तिला संघातून काढण्याचा निर्णय झाला. बुद्धांनी हे प्रकरण उपालीकडे सोपविले आणि उपालीने चौकशीसाठी विशाखा या उपासिकेला बोलाविले. विशाखेने पडद्याआड त्या स्त्रीची तपासणी केली, हात, पाय, नाभी व उदर पाहून दिवस-महिन्यांचा हिशेब मांडला आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचाच असल्याचे सांगितले. अनुभवी स्त्रीने खासगीपणा राखून केलेली ही तपासणी आणि तिच्या साक्षीला दिलेले प्रामाण्य या कथेचे वैशिष्ट्य आहे.

बुद्धांचे वैद्य जीवक यांचे चरित्रही एका टाकलेल्या नवजात अर्भकापासून सुरू होते. विनयपिटकानुसार राजगृहातील सालवती या गणिकेने त्यांना जन्मतः उकिरड्यावर टाकून दिले होते. राजपुत्र अभय याने ते मूल पाहून चौकशी केली तेव्हा ते जिवंत असल्याचे कळले; यावरूनच 'जीवक' हे नाव पडले. पुढे त्यांनी तक्षशिलेत वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्यांच्या 'कोमारभच्च' या उपाधीचा अर्थ काही अभ्यासक 'राजकुमाराने वाढविलेला' असा, तर काही अभ्यासक 'बालरोगांचा जाणकार' असा करतात. आयुर्वेदातील बालचिकित्सेच्या शाखेला कौमारभृत्य असेच नाव आहे.

मायादेवी आणि महाप्रजापती गौतमी

बौद्ध परंपरेनुसार सिद्धार्थ गौतमाचा जन्म लुंबिनी येथे झाला आणि सातव्या दिवशी त्याची आई महामाया हिचे निधन झाले. परंपरा या मृत्यूचे वैद्यकीय कारण सांगत नाही. मात्र प्रसूतीनंतरचा पहिला आठवडा मातेसाठी अत्यंत जोखमीचा असतो, हे आधुनिक वैद्यकाला ज्ञात असल्यामुळे मातृ-आरोग्यविषयक लेखनात या प्रसंगाचा उल्लेख होतो. अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि उच्च रक्तदाबजन्य झटके ही या काळातील मातृमृत्यूची प्रमुख कारणे आहेत.

मायादेवीची बहीण महाप्रजापती गौतमी हिने बाळाला स्वतःचे दूध पाजून वाढविले. दक्खिणाविभंग सुत्तात आनंद बुद्धांना याच उपकाराची आठवण करून देतो. सख्ख्या आईऐवजी दुसऱ्या स्त्रीने दूध पाजण्याला बौद्ध परंपरेत कसलाही निषेध नाही, उलट त्याला आदराचे स्थान आहे. त्यामुळे मानवी दुग्धपेढीतील दूध स्वीकारण्यास बौद्ध कुटुंबांत धार्मिक अडसर येत नाही.

अंगुलिमाल परित्राण

प्रसूतीशी सर्वाधिक निकटचा संबंध असलेला बौद्ध ग्रंथपाठ म्हणजे अंगुलिमाल परित्राण होय. त्याचे मूळ मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात आहे. अनेक हत्या करून भिक्खू झालेल्या अंगुलिमालाला श्रावस्तीत भिक्षाटन करताना एक अडलेली बाळंतीण दिसली. तिचे दुःख पाहून तो व्याकूळ झाला व त्याने ही हकीकत बुद्धांना सांगितली. जन्मापासून आपण जाणूनबुजून कोणत्याही प्राण्याचा जीव घेतलेला नाही आणि या सत्याने तुझे व गर्भाचे कल्याण होवो, असे तिला जाऊन सांगावे, असे बुद्धांनी सुचविले. हे खोटे ठरेल, अशी शंका अंगुलिमालाने काढली. तेव्हा 'आर्य जन्म झाल्यापासून', म्हणजे प्रव्रज्येपासून, अशी दुरुस्ती बुद्धांनी केली. हे सत्यवचन उच्चारल्यावर आई व मूल दोघेही सुखरूप झाले.

या कथेचा आधार सत्यक्रियेच्या कल्पनेत आहे : खऱ्या वचनात रक्षण करण्याचे सामर्थ्य असते, अशी ती धारणा आहे. श्रीलंका, म्यानमार व थायलंड येथे गर्भवती स्त्रीसाठी हे परित्राण म्हटले जाते. म्यानमारमध्ये प्रचलित असलेल्या ११ परित्राणांच्या संग्रहात त्याचा समावेश आहे. श्रीलंकेत पठणाच्या वेळी ठेवलेले पाणी गर्भवतीला प्यायला देण्याची आणि तिच्या मनगटाला 'पिरित' दोरा बांधण्याची चाल आहे.

उदान या ग्रंथातील सुप्पवासेची कथाही प्रसूतीशी निगडित आहे. कोलिय कुळातील ही स्त्री सात वर्षे गर्भवती राहून सात दिवस अडली होती, असे कथा सांगते. बुद्ध, धम्म व संघ यांच्या स्मरणाने तिने वेदना सहन केल्या आणि बुद्धांच्या आशीर्वचनानंतर ती सुखरूप प्रसूत झाली. तिचा मुलगा सीवली याला श्रीलंका व म्यानमारमध्ये समृद्धीचा दाता म्हणून पूजले जाते.

पठणामुळे गर्भवतीची भीती कमी होते, कुटुंब एकत्र येते व तिला आधार मिळतो. मात्र अडलेल्या प्रसूतीत वेळेला निर्णायक महत्त्व असते. गर्भाशय फाटणे, बाळाला प्राणवायू कमी पडणे आणि अतिरक्तस्राव हे धोके पठणाने टळत नाहीत. थेरवाद परंपरेत परित्राण हे उपचाराला पर्याय म्हणून सांगितलेले नाही. मिलिंदपञ्ह या ग्रंथातील नागसेनाच्या विवेचनातही परित्राणाच्या मर्यादा मान्य केल्या असून ते सर्वांनाच रक्षण देते असे नाही, असे स्पष्ट केले आहे.

रुग्णसेवेचा आदर्श

महावग्गात अतिसाराने आजारी, मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. बुद्ध व आनंद यांनी त्याला स्वतः आंघोळ घालून खाटेवर निजविले आणि आपली सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश बुद्धांनी संघाला केला. चांगल्या परिचारकाचे पाच गुण तेथे सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र व वांती उचलण्याची किळस नसणे आणि योग्य वेळी धीराचे शब्द बोलता येणे. प्रसूतिसेवेच्या दृष्टीने यातील चौथा गुण महत्त्वाचा ठरतो. जेथे रक्त, वार व नाळ हाताळणे हलके काम समजले जाते, तेथे ते सुईणीवर किंवा खालच्या मानलेल्या जातीतील स्त्रीवर ढकलले जाते. बौद्ध आदर्शात मात्र ही किळस सोडणे हाच सेवेचा निकष आहे.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी चिकित्सेची सोय केल्याचा उल्लेख आहे. नवव्या शिलालेखात आजारपण, विवाह, अपत्यजन्म व प्रवास अशा प्रसंगी लोक, आणि विशेषतः स्त्रिया, करीत असलेले नाना प्रकारचे मंगलविधी अल्प फळाचे ठरविले असून त्यापेक्षा धम्ममंगल, म्हणजे सेवकांशी सद्वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम व दान, श्रेष्ठ मानले आहे. या लेखाचा एक खंडित भाग महाराष्ट्रातील सोपारा परिसरात सापडला आहे.

हारिती आणि इतर बालरक्षक देवता

लोकश्रद्धेच्या पातळीवर बौद्ध समाजांनी बालकांच्या रक्षणासाठी अनेक देवता स्वीकारल्या. हारिती ही राजगृहातील बालके खाणारी यक्षिणी होती, अशी कथा आहे. बुद्धांनी तिचे सर्वांत धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले. आपल्या अनेक मुलांपैकी एक हरवल्यावर तिने केलेला आकांत पाहून, ज्यांचे एकुलते एक मूल गेले त्यांचे काय होत असेल, असा प्रश्न त्यांनी तिला विचारला. तेव्हापासून ती बालकांची रक्षक झाली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग याने विहारांच्या ओसरीत किंवा भोजनगृहात हारितीची प्रतिमा असल्याचे व तिला रोज अन्न अर्पण केले जात असल्याचे नोंदविले आहे.

अजिंठ्याच्या लेणे क्र. २ मध्ये हारिती व पांचिक यांचे स्वतंत्र उपगर्भगृह असून तेथे मुलांच्या खेळाचेही शिल्पांकन आहे. नेपाळमधील स्वयंभू येथील हारिती मंदिरात देवीच्या रोगापासून मुलांचे रक्षण व्हावे म्हणून पूजा होत असे. जपानमध्ये हारितीला 'किशिमोजिन' म्हणतात. तिच्या हातात बहुधा डाळिंब असते आणि सुखप्रसूतीसाठी तिची आराधना केली जाते. चीनमध्ये अवलोकितेश्वराचे 'अपत्य देणारी ग्वानयिन' हे रूप लोकप्रिय आहे.

देशपरत्वे प्रथा

श्रीलंका

श्रीलंकेत परित्राणाबरोबरच 'किरि अम्मावरुंगे दानय' हा विधी रूढ आहे. त्यात मुलांच्या आरोग्यासाठी 'दूधमाता' मानलेल्या सात स्त्रियांना अन्नदान केले जाते. हा विधी पत्तिनी देवीशी निगडित असून तो ग्रंथप्रणीत बौद्ध आचाराचा भाग नाही.

माता-बाल आरोग्याच्या बाबतीत श्रीलंकेचे उदाहरण जगभर दिले जाते. १९२६ मध्ये कळुतर येथे पहिला आरोग्य विभाग सुरू झाला आणि घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित सार्वजनिक आरोग्य सुईणींची व्यवस्था त्यातून विस्तारत गेली. अलीकडच्या दशकांत तेथील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ४० किंवा त्याहून कमी राहिले आहे. हे यश प्रामुख्याने मोफत आरोग्यसेवा, स्त्रीशिक्षण, प्रशिक्षित सुईणी आणि प्रत्येक मातामृत्यूची चौकशी या धोरणांचे आहे. प्रशिक्षित सेविकेला विरोध करणारी धार्मिक भूमिका तेथे प्रबळ झाली नाही, एवढाच श्रद्धेचा अप्रत्यक्ष वाटा सांगता येतो.

थायलंड व शेजारी देश

थायलंड, लाओस, कंबोडिया व म्यानमार येथे बाळंतिणीला शेक देण्याची प्रथा आहे. थायलंडमध्ये तिला 'यू फाय' म्हणतात. तिचा आधार शरीरातील उष्ण-शीत समतोलाच्या कल्पनेत आहे, बौद्ध उपदेशात नाही. प्रसूतीत मरण पावलेल्या स्त्रीच्या आत्म्याविषयी थायलंडमध्ये मोठी धास्ती असून 'मे नाक' ही लोककथा तिच्यावरच आधारलेली आहे. बँकॉकमधील वाट महाबुत विहाराच्या आवारात तिचे स्थान आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थायलंडच्या कुटुंबनियोजन चळवळीचे प्रणेते मीचाय वीरवैद्य यांनी गर्भनिरोधक साधनांवर भिक्खूंकडून मंगलजल शिंपडून घेतले. बौद्ध परंपरेत गर्भधारणा होण्यापूर्वीचा प्रतिबंध हा प्राणिहत्येत मोडत नाही, हे त्यामुळे सामान्य लोकांपर्यंत पोहोचले.

तिबेट, भूतान व लडाख

तिबेटी संस्कृतीच्या प्रदेशात प्रसूतीला 'द्रिब' म्हणजे एक प्रकारचा विटाळ मानण्याची लोकरूढी आहे. तिच्यामुळे काही भागांत स्त्रिया घराबाहेर किंवा गुरांच्या गोठ्यात प्रसूत होत आणि नवजात बाळाला थंडीचा धोका निर्माण होत असे. ही रूढी बौद्ध उपदेशातून निघत नसली तरी ती धर्माचाच भाग असल्याचे अनेक ठिकाणी समजले जाते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ल्हासा येथील रुग्णालयांत प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी एका पारंपरिक तिबेटी औषधाची मिसोप्रोस्टॉल या गोळीशी तुलना करणारी चाचणी घेण्यात आली. मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या स्त्रियांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण कमी आढळले.

भूतानमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीपासून भिक्खू व पारंपरिक उपचारक यांना आरोग्यशिक्षण देऊन रुग्णांना वेळेवर आरोग्यकेंद्रात पाठविण्याच्या कामात सामील करून घेण्यात आले. लडाखमध्ये डॉ. त्सेरिंग लांडोल यांनी लेह येथील रुग्णालयात दीर्घकाळ प्रसूतिसेवा दिली. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री व २०२० मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले.

जपान

जपानमध्ये पाचव्या महिन्यात गर्भवतीच्या पोटाला पट्टा बांधण्याची चाल शिंतो व बौद्ध अशा दोन्ही श्रद्धास्थानांशी जोडलेली आहे. ताकाराझुका येथील नाकायामा-देरा हे बौद्ध मंदिर सुखप्रसूतीसाठी प्रसिद्ध आहे. गर्भपात, गर्भस्राव किंवा मृतजन्म झालेल्या अर्भकांसाठी केला जाणारा 'मिझुको कुयो' हा विधी १९७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर पसरला. त्यात क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची, म्हणजे 'जिझो'ची, लहान मूर्ती स्थापन करतात.

महाराष्ट्र

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात आहेत. या समाजात धर्मांतराबरोबर जन्मविषयक आचारांतही बदल झाला. पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही समजूत आणि तिची पूजा देवदेवता न मानण्याच्या प्रतिज्ञांशी विसंगत ठरली. सोयर पाळण्यालाही धम्मात आधार उरला नाही. बारशाच्या जागी त्रिशरण, पंचशील व परित्राणपाठासह नामकरण केले जाते. सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, गौतमी, यशोधरा अशी नावे ठेवण्याचा प्रघात पडला. काही संस्कारपाठांत गर्भवतीसाठी 'गर्भमंगल' विधीही दिला आहे. तथापि जुन्या चालीरीती अनेक घरांत नव्या आचारांसोबत टिकून आहेत.

मातृ-आरोग्याविषयीचे डॉ. आंबेडकरांचे कार्य धर्मांतरापूर्वीचे आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर काही काळ स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांविषयीचा ठराव मांडला, परंतु तो फेटाळला गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी १९४३ मध्ये खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती घडवून आणली. हे कार्य बौद्ध श्रद्धेचा परिणाम म्हणता येत नाही. मात्र पुढे महाराष्ट्रातील बौद्ध समाजाने माता-बाल आरोग्याकडे कर्मकांडाऐवजी हक्काच्या दृष्टीने पाहण्यास या वारशाचा आधार घेतला.

गर्भपाताचा प्रश्न

पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे आहे. थेरवाद परंपरेनुसार हत्या पूर्ण होण्यासाठी सजीव प्राणी, तो सजीव असल्याची जाणीव, मारण्याचा हेतू, त्यासाठीचा प्रयत्न आणि मृत्यू असे पाच घटक लागतात. विनयपिटकात गर्भपातासाठी औषध देणाऱ्या भिक्खूला, गर्भ मरण पावल्यास, संघातून कायमचे बाद करणारा पाराजिक दोष लागतो. त्यामुळे पारंपरिक दृष्टीने गर्भपात अकुशल कर्म मानला जातो. मात्र हेतूला मध्यवर्ती स्थान असल्याने आईचा जीव वाचविण्यासाठी केलेल्या गर्भपाताचे मूल्यमापन अनेक बौद्ध विचारवंत वेगळे करतात. चौदाव्या दलाई लामांनीही अशा प्रसंगांचा परिस्थितीनुसार विचार करावा, असे मत मांडले आहे.

बौद्धबहुल देशांचे कायदे एकसारखे नाहीत. श्रीलंकेत १८८३ च्या दंडसंहितेनुसार केवळ स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी गर्भपाताला परवानगी आहे. कंबोडियाने १९९७ मध्ये १२ आठवड्यांपर्यंत परवानगी दिली. थायलंडमध्ये घटनात्मक न्यायालयाच्या २०२० मधील निर्णयानंतर २०२१ मध्ये १२ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात दंडमुक्त झाला आणि २०२२ मध्ये समुपदेशनाच्या अटीवर ही मर्यादा २० आठवड्यांपर्यंत नेण्यात आली. जपानमध्ये १९४८ च्या कायद्यापासून गर्भपात व्यवहारात उपलब्ध आहे. कायद्याची बंधने कडक असलेल्या ठिकाणी गर्भपात थांबत नाहीत, तर ते असुरक्षित होतात, हा सार्वजनिक आरोग्याचा अनुभव या देशांनाही लागू पडतो.

कर्मविचार आणि दोषभावना

अपत्य व्यंगासह जन्मले, गर्भ टिकला नाही किंवा बाळ दगावले, तर ते आईच्या किंवा बाळाच्या पूर्वकर्माचे फळ आहे, अशी समजूत अनेक बौद्ध समाजांत आढळते. चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्य व रोग यांचा संबंध पूर्वीच्या हिंसेशी जोडलेला असल्याने तिला ग्रंथाधारही सांगितला जातो. या समजुतीमुळे आई स्वतःला दोष देते, घरचेही तिला बोल लावतात, प्रसूतीनंतरचे नैराश्य लपविले जाते आणि उपचार करता येण्याजोग्या व्यंगाकडेही दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

याच साहित्यात याविरुद्ध आधारही आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात माणसाला होणारे सर्व दुःखानुभव पूर्वकर्मामुळेच येतात, हे मत बुद्धांनी नाकारले आहे. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्रित प्रकोप, ऋतुबदल, अयोग्य वर्तन व बाह्य आघात ही कारणे तेथे कर्माच्या बरोबरीने वेगळी मोजलेली आहेत. दुःखी मातांच्या समुपदेशनात या सुत्ताचा उपयोग करता येतो, कारण त्यातून आजाराला आजार म्हणून पाहण्यास आणि आईवरील दोषारोप दूर करण्यास धर्माच्या आतूनच वाट मिळते.

मृतजन्म व अर्भकमृत्यू

अर्भकाच्या मृत्यूचा शोक बौद्ध साहित्यात वारंवार येतो. किसा गोतमी मेलेल्या बाळाला घेऊन औषध मागत फिरली. ज्या घरात कधी मृत्यू झाला नाही तेथून मोहरी आण, असे बुद्धांनी तिला सांगितले व अखेर मृत्यू सर्वांच्या वाट्याला येतो हे तिने स्वतःच ओळखले. पटाचारा व उब्बिरी यांच्या कथाही अपत्यशोकाच्या आहेत. या स्त्रियांच्या नावावरील गाथा थेरीगाथेत आहेत. किसा गोतमीच्या गाथांत प्रसूतीत स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या यातना व मृत्यू यांचाही उल्लेख येतो. या कथांत शोक करणाऱ्या आईला गप्प केलेले नाही, तर तिला इतरांच्या दुःखाशी जोडून घेतले आहे.

मृत्यूनंतरच्या आचारांत संप्रदायांनुसार फरक आहे. पूर्व आशियातील सुखावती परंपरेत मृत्यूनंतर सुमारे आठ तास देहाला स्पर्श करू नये, असे अनेक जण मानतात. तिबेटी परंपरेतही काही काळ देह न हलविण्याचा आग्रह असतो. नवजात अतिदक्षता कक्षात किंवा शवविच्छेदनाच्या वेळी या अपेक्षांची आधी चौकशी केली, तर कुटुंबाचा त्रास कमी होतो.

आधुनिक आरोग्यसेवेतील उपयोजन

रुग्णालयांत बौद्ध कुटुंबांची सेवा करताना काही बाबी उपयोगी ठरतात. थेरवाद भिक्खू स्त्रियांना स्पर्श करीत नाहीत. त्यामुळे पिरित दोरा बांधणे किंवा वस्तू देणे-घेणे अप्रत्यक्षपणे करण्याची सोय हवी असते. प्रसूतिकक्षात मंद आवाजातील पठण वैद्यकीय कामात अडथळा आणत नाही. मनगटावरील दोरा शस्त्रक्रियेपूर्वी कापण्याऐवजी, शक्य असल्यास, चिकटपट्टीने झाकता येतो. चीन, तैवान व व्हिएतनाम येथील परंपरांतील काही कुटुंबे पूर्ण शाकाहारी असतात. अशा गर्भवतींच्या आहारात लोह व जीवनसत्त्व बी-१२ यांकडे लक्ष द्यावे लागते. थेरवादी व तिबेटी कुटुंबे बहुधा मांसाहार करतात.

वेदनाशामके व भूल यांना धर्माची हरकत नाही. पाचव्या शीलात निषेध आहे तो प्रमाद निर्माण करणाऱ्या मादक पदार्थांचा, औषधाचा नव्हे. काही स्त्रिया मात्र प्रसूतीच्या वेळी मन सजग राहावे म्हणून औषध कमी घेण्याची इच्छा व्यक्त करतात. हेच शील गर्भारपणात मद्य वर्ज्य करण्याच्या वैद्यकीय सल्ल्याशी जुळणारे आहे.

बौद्ध ध्यानपद्धतीचा आधार घेऊन जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेवर आधारित तणावनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला. नॅन्सी बार्डाके या सुईणीने १९९८ मध्ये त्याला प्रसूती व पालकत्वाच्या तयारीचे रूप दिले. हा कार्यक्रम धर्मनिरपेक्ष स्वरूपाचा असून प्रसूतीची भीती व चिंता कमी करणे हा त्याचा उद्देश आहे.

टीका व मर्यादा

मिझुको कुयो विधीवर जपानमध्येच टीका झाली. मृत अर्भकाचा आत्मा सूड घेईल अशी भीती घालून काही मंदिरे स्त्रियांच्या अपराधभावनेतून पैसा मिळवितात, असा आक्षेप घेण्यात आला. जोदो शिनशू संप्रदायाने या विधीला मान्यता दिलेली नाही. दुसरीकडे, समाजाने दखल न घेतलेल्या शोकाला हा विधी वाट करून देतो, असे त्याचे समर्थक म्हणतात.

बौद्ध ग्रंथांतील स्त्रीविषयक दृष्टी एकसंध नाही, हेही अभ्यासक निदर्शनास आणतात. मैत्रीसुत्तात आईच्या एकुलत्या मुलावरील मायेला सर्व प्राण्यांविषयीच्या मैत्रीचे मोजमाप मानले असून जन्मलेल्या व जन्माला येऊ पाहणाऱ्या अशा दोन्ही जीवांचा त्यात समावेश केला आहे. उलट काही उत्तरकालीन ग्रंथांत गर्भाशयाचे वर्णन घाणीची जागा असे येते. पूर्व आशियात तर प्रसूतीच्या रक्तामुळे स्त्रिया रक्तकुंडाच्या नरकात पडतात, अशी कल्पना एका चिनी प्रक्षिप्त सूत्रातून रूढ झाली. त्यामुळे 'बौद्ध श्रद्धा' असा एकच निष्कर्ष काढून कोणत्याही गर्भवतीच्या इच्छेविषयी अंदाज बांधणे योग्य ठरत नाही. संप्रदाय, देश, कुटुंबाची रीत आणि त्या स्त्रीचे स्वतःचे मत यांची विचारपूस करणे हाच विश्वसनीय मार्ग मानला जातो.

हेही पाहा

अंगुलिमाल
जीवक
महाप्रजापती गौतमी
हारिती
थेरीगाथा
परित्राण
मातामृत्यू
नवयान